मशेरीचा डबा

२०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली. कस्टमची माणसं वाळू तुडवत फिरतायत म्हणून रोज बातम्या यायच्या. आमचं गाव तिथून बरंच दक्षिणेला, पावसच्या पुढे. तरी आठवडाभर एसटीत, विहिरीवर, देवळात तोच विषय. मी पतसंस्थेत कामाला आहे. पासबुकात नोंदी करता करता मीही बायकांना सांगत होते, "पोरांना दर्यावर एकटं सोडू नका गो, काय वाहून येईल नेम नाही."

माझा मुलगा तेव्हा नुकताच अकरावीला गेला होता. दहावीला ८६ टक्के मिळाले, रत्नागिरीत सायन्सला प्रवेश घेतला, सकाळी सहाच्या एसटीने जायचा. हे मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारीच्या एका बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीवरचे मुख्य, आहेत. ऑगस्टपासून मेपर्यंत घरी आले तर दोन दिवस, की परत बोटीवर. घरात मी, सासूबाई आणि तो.

त्या वर्षात काय काय दिसत होतं ते आज मी ओळीने सांगू शकते. तेव्हा एकेक गोष्ट सुटी दिसली आणि प्रत्येकीला माझ्याकडे कारण तयार होतं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असायचा, मला वाटलं अभ्यास. डोळे लाल, मला वाटलं मोबाइल. रविवारचं अंडरआर्म क्रिकेट बंद झालं, म्हटलं मोठा झाला आता. जेवताना ताट सरकवायचा आणि अकराला उठून भाताचा टोप रिकामा करायचा, म्हटलं वाढीचं वय. कुळथाच्या डब्यात ठेवलेल्या पैशांतले शंभर-दोनशे कमी व्हायचे, तर मीच कुठेतरी खर्च केले असतील असं मानून मोकळी झाले.

आमच्या वाडीत तेवीस घरं, त्यातली नऊ बंद. माणसं मुंबईला. दारं उघडतात ती गणपतीत, शिमग्यात, नाहीतर मे महिन्यात. शिमग्याला पालखी घरी यायची म्हणून खालच्या अंगाचे एक भावोजी दोन दिवस आधी घर झाडायला आले. संध्याकाळी ते आमच्या खळ्यात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत, चहा नको म्हणाले. "वहिनी, मागच्या पडवीत हे मिळालं," म्हणून त्यांनी रुमाल उघडला. काड्यापेटी, पातळ कागदांचं एक पाकीट, गांजाची अर्धी जळलेली थोटकं, आणि माझ्या मुलाचा एसटीचा पास. रुमालाला वास येत होता, ओल्या गवताची उडवी आतून धुमसावी तसा. "मी कुणाला बोललेलो नाही," ते म्हणाले, "तुम्ही बघा काय ते." आजही ते गावी आले की मी आधी त्यांच्या घरी जाते. त्यांनी चारचौघांत बोभाटा केला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

त्यानंतरच्या दहा दिवसांत मी जे केलं तेही लिहायला हवं. मी त्याला मारलं. माझ्याहून वीतभर उंच मुलगा हात खाली सोडून उभा राहिला, हललासुद्धा नाही. मोबाइल काढून घेतला. देवासमोर नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. सासूबाईंनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे तेवढंच होतं आणि त्या मनापासून रडल्या. चौथ्या दिवशी त्याच्या शर्टाला पुन्हा तोच वास आला. मग कॉलेजातून फोन, हजेरी नाही, दाखला काढून न्यायचा विचार करा. मग एका ओळखीच्यांनी घाटावरच्या एका व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर दिला. फोनवरचा माणूस म्हणाला, "ताई, पत्ता पाठवा. रात्री गाडी येईल, चौघं जण असतात, उचलून आणतो. सहा महिने भेट नाही." मी यांना फोन लावत राहिले, बोट रेंजच्या बाहेर होती. खरं सांगते, पत्ता मी लिहून ठेवला होता. पाठवायचा तेवढा राहिला होता.

त्याच रात्री दीडच्या सुमारास मागच्या दाराशी हालचाल जाणवली. तो पायरीवर बसला होता. माझ्यात भांडायची ताकद उरली नव्हती, म्हणून मी शेजारी जाऊन बसले. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग तोच म्हणाला, "आई, ते ओढलं ना, की तासभर डोकं गप्प बसतं. एरवी मला काहीच वाटत नाही. पालखी आली तेव्हापण काही वाटलं नाही."

तीन वर्षांचा असल्यापासून हा मुलगा पालखीपुढे ढोलाच्या मागे धावत आलेला. चाकरमानी रजा मिळाली नाही तर नोकरीवर पाणी सोडून ज्या पालखीला येतात, ती आपल्या दारात नाचताना त्याला काही वाटत नव्हतं. त्या थोटकांनी मला राग आला होता. ह्या वाक्याने भीती वाटली.

आरोग्य केंद्राच्या भिंतीवर १४४१६ हा नंबर मी कितीदा वाचला होता. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. त्या रात्री तो लावला. मला वाटलं होतं पहिला प्रश्न येईल, मुलगा काय घेतो. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "तो आत्ता कुठे आहे? तुमच्या नजरेसमोर आहे ना?" मग विचारलं, "जीव नकोसा झालाय असं काही कधी बोललाय?" आणि तिसरा प्रश्न, "घरात शेतीची, बागेची औषधं कुठे ठेवता?"

आमची आंब्याची चौतीस कलमं आहेत. फवारणीचे डबे पडवीत, भाताच्या पिंपाशेजारी, वर्षानुवर्षं. ज्याची चार कलमं आहेत त्याच्या पडवीत ते असतातच, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मी फोन ठेवला, बॅटरी घेतली, सगळे डबे गोणीत भरले आणि रात्री दोन वाजता शेजारच्या काकांना उठवून त्यांच्या कुलपाच्या खोलीत ठेवले. "किल्ली तुमच्याकडेच असू दे," म्हटलं. काकांनी कारण विचारलं नाही. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की जीव द्यावा असं वाटण्याची ती तीव्र वेळ बहुतेकदा थोडीच असते, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. ह्या सगळ्या लेखातलं एकच काम कुणी आज उठून करणार असेल तर ते हेच करावं. डबे कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे.

दोन दिवसांनी आम्ही रत्नागिरीला गेलो. तो तयार झाला तो दोन अटींवर: कॉलेजला कळवायचं नाही, आणि बाबांना तो स्वतः सांगेल. सरकारी रुग्णालयात १० ते १९ वयाच्या मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथल्या समुपदेशक ताईंनी त्याला एकट्याला आत घेतलं. मी बाकड्यावर. पाऊण तास दार बंद. आतून एकदा हसण्याचा आवाज आला आणि मला, का कुणास ठाऊक, राग आला.

आत काय विचारलं ते त्यानेच परतीच्या एसटीत सांगितलं. नशेत असलेल्याच्या गाडीवर मागे बसतोस का? एकटा असताना ओढतोस का? ओढल्यावर काय केलं ते आठवत नाही असं झालंय का? घरचे किंवा मित्र कमी कर म्हणतात का? व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्युशन हुंगलंयस का? ह्या शेवटच्या प्रश्नाने मी दचकले. ताईंनी मला पुढच्या भेटीत सांगितलं, एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली आलं, त्यात हुंगायच्या पदार्थांचा प्रकार एकटाच असा निघाला की मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये त्याचं प्रमाण जास्त. हे पदार्थ स्टेशनरीच्या आणि सायकलच्या दुकानात मिळतात, मुलगा ते कशासाठी मागतोय हे कुणी विचारत नाही. माझ्या मुलाने ते केलेलं नव्हतं. पण "एकटा असताना" ह्या प्रश्नाला तो हो म्हणाला होता. ताईंच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं उत्तर तेच होतं. मित्रांबरोबर गंमत म्हणून ओढणारा मुलगा आणि बंद घराच्या पडवीत एकटा जाऊन बसणारा मुलगा ह्यांत फरक असतो.

त्यांनीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत त्याच्या समोर मला सांगितलं, "तो मला जे सांगेल ते त्याच्या परवानगीशिवाय मी तुम्हाला सांगणार नाही. जिवाला धोका आहे असं वाटलं तरच सांगेन." आई असून मला कळू नये, हे मला लागलं. पण माझ्या मुलाचे खांदे त्या वाक्याला खाली आले, ते मी पाहिलं. लघवी तपासायला गुपचूप नमुना घ्या, असं मी सुचवलं होतं, त्यालाही ते नाही म्हणाले. गांजाचा अंश चरबीत साठतो, नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत तो सोडल्यानंतरही कित्येक दिवस, कधी आठवडे सापडतो. म्हणजे सोडलेल्या मुलावरही खोटेपणाचा शिक्का बसायचा. आणि लपवून केलेल्या तपासणीनंतर तो परत आला नसता.

मग नऊ प्रश्नांचा कागद. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, स्वतःबद्दलचे विचार, एकाग्रता. त्याने बॉलपेनने खुणा केल्या. मग घराण्याची चौकशी. यांचे थोरले भाऊ दारूने गेले, एक्केचाळिसाव्या वर्षी. व्यसन जडण्याचा जो धोका असतो त्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असतो, डॉक्टर म्हणाले, म्हणून विचारतो. आणि मग, लिहिता लिहिता, मान वर न करता, "घरात तंबाखू कोण कोण वापरतं?"

मी म्हटलं, "हे खातात. बोटीवर सगळेच खातात."

मुलगा म्हणाला, "आई आणि आजी मशेरी लावतात." थोडं थांबून, "मीपण लावायचो. चौथीत."

ज्यांच्या घरी मशेरी नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं लोखंडी तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची. सगळं घर ठसक्याने भरतं, मुलं खोकत खळ्यात पळतात. मग ती हाताने चुरायची, चाळायची आणि डब्यात भरायची. सासूबाईंचा डबा पितळी आहे, झाकणाला बिजागरी, त्यांच्या आईकडून आलेला. तर्जनीवर चिमूटभर घेऊन दातांवर, हिरड्यांवर घासायची आणि तशीच तोंडात ठेवून चूल पेटवायची. मी नववीत दाढ दुखली म्हणून माहेरी लावायला लागले. बेचाळिसाव्या वर्षी दिवसातून चार वेळा लावत होते, दुपारची पतसंस्थेच्या मोरीजवळ. आमच्यात कुणी ह्याला व्यसन म्हणत नाही. दात घासणं म्हणतात. तंबाखूच्या पाकिटावर निदान चित्र असतं, तंबाखू सोडायच्या मदतीचा १८००-११-२३५६ हा नंबर असतो. घरी भाजलेल्या पुडीवर काय असणार?

चौथीत त्याची दाढ किडली होती. सासूबाईंनी बोटावर मशेरी घेऊन लावली, दुखणं थांबलं, तो गाढ झोपला. मी तिथेच होते. मला बरं वाटलं होतं. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष तो डब्यातून चिमूट घेत होता, हे मात्र मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी केसपेपर उलटा केला आणि त्याच्याकडे सरकवून चित्र काढलं. डोक्याचा आकार, आत खोलवर एक छोटा गोल, कपाळामागे एक मोठा. "हा आतला बक्षिसाचा. हवं ते मिळालं की सांगतो, हे लक्षात ठेव, पुन्हा कर. तेरा-चौदाव्या वर्षी हा जोरात असतो. हा कपाळामागचा, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, थांब, पुढचा विचार कर म्हणणारा. हा पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. मधली दहा वर्षं अशीच काढायची असतात, म्हणून आईबाप, शिक्षक लागतात." डोपामाइन म्हणजे सुख, असं माझा मुलगा ऐकून आला होता. डॉक्टर म्हणाले, सुखापेक्षा ती ओढ आहे. म्हणून पुढे पुढे मजा येत नाही तरी हात जातो.

मग मला म्हणाले, "तुमची कलमं आहेत ना? मोहोराला फुलं किती आणि आंबे किती धरतात?"

"हजारांनी फुलं, धरतात दोन-चार."

"मेंदू ह्या वयात तेच करतो. पेशींच्या जोडण्या लहानपणी ढिगाने झालेल्या असतात. ज्या वापरात आहेत त्या ठेवतो, त्यांच्यावर आवरण चढवून त्यांचा वेग वाढवतो, बाकीच्या गाळतो. ह्या काळात रोज जे केलं जाईल ते पक्कं होतं. ढोल वाजवला तर ढोल पक्का. निकोटीन ओढलं किंवा हिरडीला लावलं तर निकोटीन. आजीच्या डब्यातलं का टपरीवरचं, हे मेंदूला कळत नाही."

मी इतके दिवस टपरीवाल्याला, एसटीतल्या पोरांना, दर्याला दोष देत होते.

माझ्या मुलात मात्र त्या खोलीत काहीतरी जागं झालं, ते अशा ठिकाणी की मला अपेक्षा नव्हती. गांजाचा मेंदूवर परिणाम होतो कारण तसंच काम करणारं रसायन शरीर स्वतः तयार करतं, त्यासाठी पेशींवर जागा असतात, असं डॉक्टर सांगत होते. "ते १९९२ साली सापडलं. शोधणाऱ्यांनी त्याला नाव दिलं आनंदामाइड. आपल्या संस्कृतमधल्या आनंद शब्दावरून." मुलाने मान वर केली. "म्हणजे ते आपल्यात असतंच?" "असतंच. थोडं थोडं, हवं तिथे, हवं तेव्हा. तू बाहेरून पूर आणलास, म्हणून पेशींनी आपली दारं कमी केली. आता घरचा आनंद आत शिरायला दारच नाही. पालखीला काही वाटलं नाही म्हणालास, त्यात ह्याचाही भाग आहे."

"मग आता कायमचं?"

"नाही. पूर्ण बंद केलंस तर साधारण महिन्याभरात दारं बऱ्यापैकी परत येतात. तुझं वय आहे म्हणून लवकर बिघडलं, आणि वय आहे म्हणूनच सुधारायलाही जागा आहे. पण काहीच झालं नाही असं मी सांगणार नाही."

निदान नैराश्याचं झालं. आधी ते होतं, दहावीच्या सुट्टीपासून, गांजा त्यावर आला आणि त्याने ते आणखी खोल नेलं. मी ताईंना विचारलं, एवढ्या लहान वयात? त्यांनी निम्हान्स ह्या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचं सांगितलं: १३ ते १७ वयात ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार. तेवीस घरांच्या वाडीत, चाळीस मुलांच्या वर्गात हा आकडा लावून बघा. मी बघितला.

दाखल करून घ्या, म्हणून मी हात जोडले होते. डॉक्टर म्हणाले, गरज नाही. आणि गाडी पाठवून उचलणाऱ्यांबद्दल ऐकून ते पहिल्यांदा कडक झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अठराच्या खालच्या मुलाला दाखल करणं हा शेवटचा मार्ग आहे, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून तसं ठरवावं लागतं, त्याला मोठ्या माणसांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि घरचं माणूस सोबत राहतं. सहा महिने भेट नाही, असं कुठल्याच कायद्यात बसत नाही. घरी येऊन मी तो पत्ता खोडला.

गोळी सुरू झाली, रोज सकाळी एक. दोन ते चार आठवडे काही जाणवणार नाही आणि सुरुवातीच्या दिवसांत जास्त लक्ष ठेवा, अस्वस्थ वाटला, मरणाचं बोलला तर त्याच क्षणी फोन करा, हे दोनदा बजावलं. गोळ्या माझ्या ताब्यात. उठायची वेळ ठरलेली, सुट्टीलाही तीच. मोबाइल रात्री दहाला देवघरात. रोज अर्धा तास किनाऱ्यावर धावणं. दर आठवड्याला ताईंकडे तासभर.

त्याच दिवशी मीही मशेरी बंद केली. कुणी सांगितलं नव्हतं. एसटीत पावसच्या अलीकडे ठरवलं.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी पतसंस्थेत एका म्हातारबांच्या पासबुकात मी दोनदा चुकीचा आकडा लिहिला, पोट साफ नाही, तोंडाला सारखं पाणी, आणि घरी आल्यावर पंचा जमिनीवर पडलेला दिसला म्हणून मी मुलावर अशी किंचाळले की कावळे उडाले. तो घामेजलेला बसला होता, त्याचीही ती तिसरीच रात्र, झोप नाही, लागली की विचित्र स्वप्नं. तो शांतपणे म्हणाला, "आई, तुझा तिसरा दिवस आहे. डॉक्टर म्हणाले होते ना, तिसरा सगळ्यात वाईट."

"मनात आणलं तर सोडता येतं," हे वाक्य मी इतके दिवस त्याला ऐकवत होते. त्या संध्याकाळी मला कळलं की मन जिथे आणायचं तीच जागा दुखत असते. ताईंनी शिकवलेलं आम्ही दोघांनी केलं: हुक्की आली की घड्याळ बघायचं. ती चढते आणि काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायचा. तो विहिरीवर जाऊन दोन कळशा पाणी आणायचा. मी लवंग चघळायचे, पुढे डॉक्टरांना विचारून निकोटीनचं च्युइंगमही घेतलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आम्ही खुणा करायचो, त्याची निळी, माझी लाल. त्याने दुसऱ्याच आठवड्यात एकदा ओढलं आणि निळी खूण केली नाही. रिकामा चौकोन मला सकाळी दिसला. मी काही बोलले नाही, हे त्या वर्षातलं माझं सगळ्यात अवघड काम होतं.

पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याने सोलकढी मागून घेतली. चव आली म्हणाला.

१ जूनला मासेमारी बंद झाली आणि हे घरी आले. दोन महिने. मुलाने चौथ्या दिवशी सांगितलं, जाळं दुरुस्त करताना, दोघांचे हात गुंतलेले असताना. मी आत भिंतीला टेकून ऐकत होते. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादा पण असाच गप्प गप्प असायचा. आम्ही त्याला दारुड्या म्हणत राहिलो." थोरल्या भावाबद्दल एवढं वाक्य मी लग्नानंतर अठरा वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. जुलैमध्ये ते एकदा ताईंकडे आले. तंबाखू सुटलेली नाही, पण घरात, मुलासमोर मळत नाहीत.

गणपतीत पुन्हा घडलं. मुंबईहून चुलत भावंडं आली, रात्री भजनानंतर मंडळी माळावर गेली, आणि पहाटे त्याने मला उठवून सांगितलं, "आई, मी ओढलं." हात थरथरत होते. मला त्या क्षणी दोन गोष्टी एकदम वाटल्या. सगळं पाण्यात गेलं, ही एक. आणि ह्याने स्वतः येऊन सांगितलं, ही दुसरी. मी दुसरी धरली आणि त्याला चहा करून दिला.

डॉक्टरांनी पुढच्या भेटीत ते सगळं बारीक बारीक विचारलं. किती वाजता, कोण होतं, आधी काय झालं होतं. निघालं ते असं: भजनाला जायच्या आधी एका काकांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय रे, अकरावीला आपटलास म्हणे?" डॉक्टरांनी तेच कागदावर लिहून घेतलं. इतक्या दिवसांच्या खुणा पुसल्या जात नाहीत, म्हणाले, जोडणी जुनी आहे, ती एकदम मरत नाही, नवी जाड होत जाते. मग त्या दोघांनी बसून ठरवलं की असा प्रश्न आला तर काय उत्तर द्यायचं आणि कोणत्या दारातून बाहेर पडायचं. मी बाहेर बाकड्यावर. आतून हसण्याचा आवाज आला. मला राग आला नाही.

बारावी तो एक वर्ष मागे पडून करतोय. गोळीचा डोस आता कमी झालाय, अजून बंद नाही. झोप लागते. वाईट आठवडे येतात, तेव्हा तोच ताईंना फोन करतो. ते भावोजी मागच्या पडवीची किल्ली आता आमच्याकडे ठेवून जातात.

सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांनी मशेरी सोडली नाही, आम्हीही मागे लागलो नाही. डबा मात्र फडताळातून त्यांच्या ट्रंकेत गेला. परवा वरच्या घरातली पोर दाढ धरून रडत आमच्या ओटीवर आली. मी आत पोळ्या लाटत होते. सासूबाई उठल्या, ट्रंकेपाशी गेल्या, थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "दोन लवंगा दे गो. आणि तिच्या आवशीला सांग, उद्या दातांच्या डॉक्टरकडे ने."